छापील की ई-बुक? आधी आवृत्ती विचारा

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, विषय जवळपास ठरला, की पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो. आमच्या विभागातली नवी मुलं मलाही विचारतात: "ताई, किंडल घेऊ का? की पुस्तकंच घेत राहू?"

पहिल्या वर्षी मी स्वतःला याचं उत्तर फारसा विचार न करता दिलं होतं. फुकट किंवा स्वस्त मिळेल ते स्क्रीनवर, बाकीचं लायब्ररीतून, आणि अगदीच अडलं तर विकत. हे उत्तर मला तिसऱ्या वर्षी महाग पडलं. कसं, ते आधी सांगते, कारण या लेखाचा सगळा मुद्दा त्यातूनच निघतो.

सतरा अवतरणं आणि एक प्रश्न

माझ्या एका प्रकरणात डॉ. आंबेडकरांच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मधली सतरा अवतरणं होती. सहामाही प्रगती अहवालाच्या बैठकीत बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच गोष्ट विचारली, "ही पानं कोणत्या आवृत्तीची?"

मी टॅबवर फाईल उघडली. मुखपृष्ठ होतं आणि त्यानंतर थेट मजकूर. प्रकाशक नाही, साल नाही, मजकूर कशावरून घेतला तेही नाही. ही फाईल कुणीतरी ग्रुपवर टाकली होती आणि मी ती उतरवून घेतली होती. पान क्रमांक म्हणून मी जे आकडे दिले होते ते वाचायच्या ॲपने पाडलेले होते. फॉन्ट मोठा केला की तेच वाक्य पुढच्या भलत्याच पानावर जात होतं. म्हणजे माझ्या सतरा तळटीपांचा माझ्या टॅबबाहेर काहीच अर्थ नव्हता.

पान क्रमांक चुकले एवढंच असतं तर दोन दिवसांत निस्तरलं असतं. पण मॅडमचा प्रश्न पानांपुरता नव्हता. हे पुस्तक म्हणजे लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेलं आणि कधीच न झालेलं भाषण. आंबेडकरांनी ते १९३६ साली स्वतः छापलं. इंग्रजी आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर लिहिलं. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींचे लेख आणि त्यांना दिलेलं उत्तर परिशिष्ट म्हणून आलं. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘कास्ट्स इन इंडिया’ हा १९१६ साली वाचलेला निबंधही सोबत आला.

आता माझं प्रकरण काय म्हणत होतं? "१९३६ मध्ये आंबेडकर अमुक म्हणतात." आणि माझ्या फाईलमध्ये गांधींना दिलेलं उत्तरही होतं! म्हणजे ती १९३६ ची असूच शकत नव्हती. सतरापैकी तीन अवतरणं त्या उत्तरातलीच निघाली. वादाच्या नंतर लिहिलेलं वाक्य मी वादाच्या आधीचं म्हणून वापरलं होतं. प्रकरणाचा एक मुद्दा त्यावर उभा होता, तो काढावा लागला. दुरुस्तीला जवळपास तीन आठवडे गेले.

यात ई-बुकचा दोष किती आणि माझा किती? खरं सांगायचं तर फाईलने मला फसवलं नव्हतं. परिशिष्ट समोरच होतं, मी विचारलंच नव्हतं. पण छापील पुस्तक हातात असतं तर पहिली दोन पानं उलटताना आवृत्तीची माहिती आपोआप डोळ्यांखालून गेली असती.

एकच पुस्तक, किती रूपं?

आंबेडकरांचं निधन १९५६ चं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१७ पासून कुणालाही छापता येतं. ही चांगलीच गोष्ट आहे. पण तेव्हापासून कमी किमतीच्या ई-बुकांचं पीक आलंय, आणि त्यातल्या अनेकांत मजकूर कुठून घेतला याचा पत्ता नसतो.

मग यातलं कोणतं रूप घ्यायचं? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’चा पहिला खंड वसंत मून यांनी संपादित केलेला. शोधप्रबंधांत सर्वाधिक संदर्भ याचेच दिसतात. हा छापीलही मिळतो आणि छापील पानांची जशीच्या तशी पीडीएफही मिळते. अशी पीडीएफ माझ्या मते छापील प्रतीच्या तोडीची आहे, कारण पान तेच राहतं. फक्त एक काळजी घ्या. पीडीएफ वाचणारं ॲप जो पान क्रमांक दाखवतं तो फाईलमधला अनुक्रम असतो. प्रस्तावनेची पानं मोजल्यामुळे तो पुढे सरकलेला असतो. संदर्भात द्यायचा तो पानावर छापलेला आकडा.

दुसरं रूप कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रान्सिस प्रिचेट यांनी तयार केलेली ऑनलाइन आवृत्ती. इथे पानंच नाहीत, तरी ती संदर्भासाठी चालते, कारण भाग आणि परिच्छेद क्रमांकांनी दाखवलेत. फॉन्ट कितीही मोठा करा, परिच्छेद क्रमांक हलत नाही. शिवाय संपादक कोण हे माहीत आहे. म्हणजे स्क्रीनवरचं ते कच्चं आणि छापील ते पक्कं, असा सरसकट निवाडा करता येत नाही.

तिसरं, ‘नवयान’ने २०१४ साली काढलेली सटीप आवृत्ती, एस. आनंद यांच्या टिपांसह आणि अरुंधती रॉय यांच्या दीर्घ प्रस्तावनेसह. ही मी छापील घेतली. मूळ मजकूर, टीप, परत मूळ मजकूर, मग प्रस्तावनेतला एखादा दावा, अशी ये-जा करताना दोन बोटं पानांत अडकवून बसणं मला अजून तरी स्क्रीनपेक्षा सोपं जातं.

तीन रूपं, तिन्ही उपयोगाची. निरुपयोगी होती ती फक्त माझी पहिली फाईल. ती स्क्रीनवर होती ही अडचण नव्हतीच. ती कुठून आली हे कुणालाच सांगता येत नव्हतं, ही खरी अडचण होती.

"कागदावर जास्त समजतं" हे किती खरं?

या विषयावर बोलणं निघालं की कुणीतरी म्हणतंच, "संशोधनाने सिद्ध झालंय की छापील वाचलेलं जास्त लक्षात राहतं." हे संशोधन कोणतं ते एकदा नीट बघू.

बहुतेक वेळा यामागे २०१८ चा एक मेटा-विश्लेषणाचा निबंध असतो, डेलगाडो आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी २००० ते २०१७ मधले ५४ अभ्यास एकत्र केले. एकूण सहभागी १ लाख ७१ हजारांवर. निष्कर्ष असा की आकलनात कागद थोडा पुढे आहे. माहितीपर मजकुरात हा फरक दिसतो, निव्वळ कथात्मक मजकुरात दिसत नाही. वेळेचं बंधन असेल तर तो वाढतो. आणि नव्या अभ्यासांमध्ये तो कमी होण्याऐवजी वाढलेला दिसतो. "पुढच्या पिढीला स्क्रीनची सवय होईल आणि फरक जाईल" या समजुतीला हे छेद देतं, म्हणून निबंध महत्त्वाचा आहे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, फरक खरा असला तरी आकाराने लहान आहे. "स्क्रीनवर वाचलेलं डोक्यात शिरतच नाही" असा अर्थ त्यातून निघत नाही. दोन, मोजलंय काय? तोच मजकूर कागदावर आणि स्क्रीनवर वाचायला दिला, नंतर किती समजलं ते तपासलं. संशोधक विद्यार्थ्याचं वाचन असं नसतं. आपण एका पुस्तकाकडे तीन वर्षांत वीस वेळा परततो. कधी फक्त तळटीप बघायला, कधी एका शब्दासाठी, कधी "हे मी कुठे वाचलं होतं?" या शंकेपायी. तुमच्या कपाटाचा निर्णय त्या निबंधाने घेऊ नका. सलग, लक्ष देऊन वाचायचं सैद्धांतिक पुस्तक कागदावर घ्यायला तो एक बरा आधार आहे, इतकंच.

जिथे स्क्रीन सरळ जिंकते

आता उलट बाजू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तुम्हाला कधी ना कधी लागणारच. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ ची. दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोफत आहे. त्याच ठिकाणी दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही.

मला मागावरच्या कामाशी संबंधित जुने शब्द हवे होते. छापील कोशात शब्द सापडायला शब्द आधी माहीत असावा लागतो, आणि माझी अडचण नेमकी तीच होती. ऑनलाइन कोशात इंग्रजी अर्थांमध्येच ‘वीव्हर’, ‘लूम’ असं शोधता येतं. शंभर-सव्वाशे वर्षं कुणी न उच्चारलेले शब्द समोर येऊन बसतात. छापील कोशावर हे करायचं तर अख्खा ग्रंथ ओळीने वाचावा लागेल.

शिवाय नोंदीपाशी छापील पानाचा क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे संदर्भ देता येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, मोल्सवर्थ विकत घेऊ नका. मात्र प्रस्तावना आणि संक्षेपांचं पान एकदा लायब्ररीत बसून वाचा. थेट शब्दावर उतरणारा माणूस ते कधीच वाचत नाही आणि मग कंसातल्या एकेका अक्षराचा अर्थ अंदाजाने लावतो. आणि इथेही आवृत्तीचा प्रश्न आहेच. १८५७ च्या आवृत्तीत शब्द सापडला म्हणून तो १८३१ मध्येही होता असं लिहू नका.

मराठी विश्वकोशाचंही तसंच. ऑनलाइन आहे, शोधायला सोयीचा आहे, वीस खंड घरात ठेवायची गरज नाही. पण पहिला खंड १९७६ चा आणि बाकीचे पुढच्या काही दशकांत येत गेले. गुगलवरून थेट लेखावर उतरलात की तो कोणत्या सालच्या खंडातला हे मनात राहत नाही. लोकसंख्येचा किंवा उत्पादनाचा आकडा ‘सध्याचा’ म्हणून उचलण्याआधी तो खंड कधी छापला ते बघा.

"शोधलं, सापडलं नाही"

ई-बुकचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे सर्च. मराठीत सगळ्यात मोठा धोकाही तोच.

समजा तुम्ही १९३० च्या आसपासच्या एका पुस्तकाचं स्कॅन घेतलंय आणि ‘घरात’ शोधताय. त्या काळी ते ‘घरांत’ असं लिहीत. ‘काही’ नव्हे, ‘कांहीं’. ‘केले’ नव्हे, ‘केलें’. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे, त्यांत भर पडली १९७२ ला. त्याआधीच्या पुस्तकात आजच्या लेखनाने शोधलं की मशीन प्रामाणिकपणे सांगतं, शून्य.

दुसरी गंमत उलटी. गिरणी कामगारांवर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने ‘संप’ शोधलं. संपादक, संपत्ती, संपूर्ण, संपला, सगळे रांगेत हजर. खरा संप त्यांच्यात कुठेतरी दडलेला.

तिसरी गोष्ट फॉन्टची. युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेलं पुस्तक पीडीएफ केलं तर डोळ्यांना मराठी दिसतं. पण कॉपी करून पेस्ट करा, रोमन अक्षरांचा नुसता चुरा पडतो. अशा फाईलमध्ये देवनागरीत सर्च चालतच नाही. युनिकोड असलं तरी ‘ॲ’ दोन प्रकारे टाईप होऊ शकतो. दिसायला दोन्ही सारखेच, मशीनच्या लेखी वेगळे. स्कॅनवरून मशीनने ओळखलेल्या मजकुरात जोडाक्षरांची वाट लागते ती आणखी वेगळी.

म्हणून एक सवय लावून घ्या. सर्चने एखादी गोष्ट *आहे* हे सांगितलं तर ते पान उघडून बघा आणि वापरा. सर्चने *नाही* म्हटलं तर त्यावर एक ओळही लिहू नका. "अमुक लेखक हा शब्द कुठेही वापरत नाही" असं विधान करायचं असेल तर पुस्तक डोळ्यांनी वाचावं लागतं. आणि तेवढं वाचायचंच आहे तर ते पुस्तक बहुधा छापील घेण्याच्या लायकीचं आहे.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं?

२००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’च्या विकलेल्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने दावा लावला तो त्या पुस्तकावर केलेली त्याची टिपणं निकामी झाली म्हणून. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुक दुकान बंद केलं. पुस्तकं गेली, पैसे परत मिळाले, टिपणं केलेल्यांना वर २५ डॉलर मिळाले. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोयही काढून घेतली.

बहुतेक ई-बुकांमध्ये आपण पुस्तक नव्हे, वाचायची परवानगी घेत असतो. मला हे घाबरवण्यासारखं वाटत नाही, पण एक पथ्य पाळावं लागतं. टिपणं पुस्तकात ठेवायची नाहीत. झोटेरोमध्ये, वहीत, साध्या फाईलमध्ये, कुठेही, पण आपल्या ताब्यात. छापील पुस्तकाच्या समासातल्या पेन्सिलीलाही हा नियम लागू आहे. उसनं दिलेलं पुस्तक परत येत नाही हे कोणाला सांगायला नको.

मग पैसे कुठे घालायचे?

सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्यांत जेआरएफ असेल तर कन्टिन्जन्सी पहिली दोन वर्षं १०,००० रुपये आणि नंतर २०,५०० रुपये वर्षाला. त्यातच प्रवास, झेरॉक्स, टायपिंग. फेलोशिप नसलेल्यांचं तर बघायलाच नको. म्हणून मी आता पुस्तकागणिक तीन प्रश्न विचारते.

पहिला: यातून मी अवतरणं देणार आहे का, आणि ती कोणत्या आवृत्तीची लागतील? उत्तर ‘हो’ असेल तर छापील प्रत किंवा छापील पानांचं नीट स्कॅन. फॉन्टप्रमाणे पानं हलवणारं ई-बुक तेव्हाच, जेव्हा त्यात छापील पान क्रमांक किंवा पक्के परिच्छेद क्रमांक असतील.

दुसरा: हे पुढच्या वर्षी मिळेल का? हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. मोठ्या इंग्रजी विद्यापीठ प्रकाशनांची पुस्तकं आज ना उद्या लायब्ररीत किंवा ई-बुक म्हणून मिळतात. मराठी संशोधनपर पुस्तक बहुतेकदा हजारेक प्रतींचं निघतं. संपलं की संपलं, ई-बुक येईलच असं नाही. अप्पा बळवंत चौकात किंवा जुन्या पुस्तकांच्या ढिगात तुमच्या विषयाचं असं पुस्तक दिसलं तर विचार करत बसू नका, घेऊन टाका. मात्र त्याआधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर डोकवा. त्यांची बरीच प्रकाशनं तिथे मोफत आहेत.

तिसरा: मला पूर्ण पुस्तक हवंय की एक प्रकरण? प्रकरणच हवं असेल तर विकत कशाला घ्यायचं? लायब्ररीतून आणा, ते प्रकरण स्कॅन करा आणि *सोबत प्रकाशक-साल-आवृत्तीचं पानही स्कॅन करा*. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधनासाठी अशा खासगी, वाजवी वापराला जागा आहे. अख्खं पुस्तक झेरॉक्स करायला ती जागा आहे असं मात्र धरू नका.

किमतीचा मुद्दा मी शेवटी ठेवलाय, कारण तो सहसा निर्णायक नसतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील रूप उपलब्ध असलेल्या ई-बुकवर ५ टक्के, नसलेल्यावर १८. ई-बुक तरीही बऱ्याचदा स्वस्त पडतं. पण माझ्या फुकट फाईलचा खर्च तीन आठवडे आणि एक मुद्दा असा झाला, तो कोणत्याच बिलात दिसत नाही. बिलावरून आठवलं, कन्टिन्जन्सीतून ई-बुकचं बिल मंजूर होतं का, ते घेण्याआधी विभागात विचारा.

तर किंडल घेऊ का? घ्या की. भोवतालचं वाचन, दुसऱ्या विषयातली पुस्तकं, प्रवासातलं वाचन यासाठी ते उत्तम आहे. मीही वापरते. फक्त ज्या पाच-सात पुस्तकांवर तुमचा प्रबंध उभा राहणार आहे, त्यांची यादी आजच काढा. प्रत्येकापुढे लिहा: माझ्याकडे कोणती आवृत्ती आहे, कोणत्या सालची, कुणी काढलेली. जिथे हे लिहिता येणार नाही, तिथे पहिले पैसे घाला. बैठकीत तो प्रश्न येईल तेव्हा फाईल उघडायची वेळ यायला नको.